सैल पुरचुंडी

मीरा, नील, काल फोनवर ते चित्र पाहिल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही, म्हणून आजच लिहायला बसले. मला वाटलं, एखाद्या आटलेल्या तळ्याचा भेगाळलेला तळ आहे.

"आजी, हा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा माझा सिलिकॉनचा कण आहे," मीरा, तू म्हणालीस. "बॅटरी चार्ज होताना लिथियम आत शिरतं आणि कण तिपटीने फुगतो. उतरताना आकसतो. असं होत होत शेवटी हे."

"ताईचं पीक गेलं!" नील मागून ओरडला. तू हसली नाहीस. वर्षभराची मेहनत होती, आणि हे काम सोडून द्यावं का, असं तू मलाच विचारत होतीस.

मी हादरलेच. बाहेरून कुणी घाव घातला नव्हता. जे साठवायला तो कण घडवला, तेच पोटभर घेऊन तो फुटला होता. मी डबे काठोकाठ भरणारी बाई. रिकामी जागा मला आळस वाटते. तरी मोड आणायला मटकी बांधते, तेव्हा पुरचुंडी सैलच ठेवते. ते मी सहज बोलून गेले.

"तसे सैल कणही थोडे केलेत," तू हळूच म्हणालीस. "सिलिकॉनभोवती कार्बनचं कवच, मध्ये थोडी पोकळी. तेही तितक्याच वेळा चार्ज केलेत, पण भीतीने अजून पाहिले नाहीत."

आज सकाळी तुझं दुसरं चित्र आलं, त्या कवचातल्या कणांचं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका कवचाला बारीक चीर आहे. बाकीचे कण अजून अखंड आहेत.