कमरबीने अडवलेली गाडी

उजनीच्या काठच्या त्या आरोग्य केंद्रात कमरबी बावीस वर्षं झाडलोट करते. हुद्दा सगळ्यांत खालचा, पण तोंडाचा पट्टा असा, की तिच्या वाटेला कोणी जात नाही. चिखलाच्या चपला घेऊन आत आलात तर ती शिव्या घालेल. आणि बाहेर उन्हात दीनवाणे बसून राहिलात, तर दुप्पट घालेल.

जोतीराम त्या दुपारी हात जोडूनच उभा होता. केळीच्या बागेत त्याच्या अंकिताला नाग चावला होता आणि पोरीच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. नवे डॉक्टर दिग्विजय घामाघूम झाले. विषावरचं औषध त्यांनी आजवर एकट्याने कधी दिलं नव्हतं.

"रिअ‍ॅक्शन आली तर? सोलापूरला न्या," ते म्हणाले. दारात गाडी लागली.

"व्हय साहेब, लई उपकार झाले," म्हणत जोतीरामने पोरीला उचललं. काय म्हणावं या माणसाला! लेक हातची चालली होती आणि हा उपकार मानत होता.

कमरबी हातातलं फडकं टाकून दारात आडवी उभी राहिली.

"जोतीराम, भीक मागाय आलास व्हय? औषध हितं फ्रिजात हाय, मी रोज बघते की. तुझ्या पोरीच्या हक्काचं हाय ते." मग डॉक्टरांकडे वळून तिने आवाज उतरवला. "साहेब, हितं रिअ‍ॅक्शन आली तर तुमी हाय. रस्त्यात कोण हाय? आदी औषध, मग सोलापूर."

दिग्विजयांनी तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे, आणि फ्रिज उघडला. सलाईन चालू असतानाच अंकिताने डोळे उघडून पाणी मागितलं.

आठव्या दिवशी सोलापूरहून परतताना जोतीराम पोरीला घेऊन मुद्दाम केंद्रावर थांबला.

"मावशी, डाक्टरला आडवायचं बळ कुटनं आणलं?"

"माझ्या पोराला, आवेजलाबी असंच चावलं हुतं. हितनंच म्होरं पाठवलं. मीबी हात जोडून व्हय म्हनले. मोहोळच्या अलीकडंच गेला."

धरणाचे सगळे दरवाजे उघडल्यावर माणूस नुसता बघत राहतो, तसा जोतीराम त्या वाळक्या बाईकडे बघत राहिला.

"त्याच्या मौतीचा चाळीसावा दिस झाला आन् हितं कामाला लागले," कमरबी म्हणाली. "म्हनलं, या दारात परत कुनी व्हय म्हनाय नको."