मुरब्याचा काळा पत्रा

भूत, चकवा असलं काही मी मानत नाही. धंदा छपराच्या पत्र्यांचा... जे वाजवून दाखवता येतं तेवढंच खरं. तरीही साठच्या दशकातली एक दुपार अजून माझ्या पचनी पडलेली नाही.

तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, गोदामं उभी राहत होती आणि बोईसरचं माझं दुकान जोरात होतं. घरांसाठीही मी पत्राच गळ्यात मारायचो — झावळ्यांसारखा पेटत नाही, कौलांसारखा दर वर्षी शाकारावा लागत नाही. जवळच्या मुरबे या मच्छीमार गावातल्या हरी तांडेलांनी घरावर असाच नवाकोरा पत्रा घातला. पुढच्या वर्षी, खाऱ्या हवेनं गंजू नये म्हणून मी आपणहून त्याला डांबर मारून दिलं. कोणाला विचारलं नाही. हरीकाका तेव्हा चार खलाशांना घेऊन दर्यात होते.

दुसऱ्या दुपारी काम बघायला गेलो, तर त्यांची बायको, काकी, अंगणात छताकडे बघत उभ्या.

"शेट, हे काय केलंत तुमी? दर्यातून आमचा पत्राच चमकतो. हे तो समोर धरून खडक चुकवतात नि होडी खाडीत घालतात. आज काय बघून येतील?"

आभाळ भरून आलेलं, किनारा धुरकटलेला. पाच माणसं, आणि माझा अतिशहाणपणा. रॉकेल आणि चिंध्या घेऊन वर चढलो, घासत सुटलो. डांबर निघेना, नुसतं पसरे... कोपरापर्यंत काळा झालो. काकी खाली खाडीच्या तोंडाकडे डोळे लावून उभ्या होत्या. त्यांनी शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं.

तासाभरानं खाडीकडून हाका आल्या. होडी आत आली होती, कुठंही न घासता. मी तसाच धावलो. रडू आलं, खोटं कशाला सांगू?

हरीकाका जाळं उतरवत होते. म्हणाले, "किनारा दिसतच नव्हता. पण तुझा पत्रा असा चमकत व्हता, डोळं दिपलं." खलाशांनीही तेच सांगितलं.

मी माझे हात पुढे केले. काका घरापर्यंत आले, वर बघितलं आणि ओट्यावर बसूनच राहिले.

त्या दिवशी ऊन पडलं नव्हतं. आणि पत्रा काळा होता... मीच तर त्यावर बसलो होतो. उलगडा आजही नाही. गिऱ्हाइकांना मी पत्र्याचे सगळे फायदे सांगतो, हा एवढा एक सोडून.