डॅशबोर्डवरची चिठ्ठी

"बल्ब काढून टाक म्हणते ना! एवढासा पिवळा दिवा, तो दिसलाच नाही तर गिऱ्हाईक कशाला विचारतंय?"

"दिसला नाही तरी गाडी धूर ओकणारच."

"माझ्या सख्ख्या भावाची गाडी आहे, एलियोदोरो!"

"म्हणून तर फुकट तपासली."

"तू काय बिशप लागून गेलास? पाद्रीसुद्धा एवढं खरं बोलत नाही!"

हे भांडण मी कुंपणापलीकडून ऐकलं त्याला वीसेक वर्षं झाली. मी दोरीवर चादरी वाळत घालत होते आणि खरं सांगायचं तर वाळलेल्या चादरीच पुन्हा पुन्हा झटकत होते. एलियोदोरोची बायको ओब्दुलिया, तिच्या भावाला त्याचा ट्रक संत्री तोडणाऱ्या एका माणसाला विकायचा होता. एलियोदोरोने बल्ब काढला नाही. उलट गाडीला जोडून बिघाड शोधायच्या यंत्रात दिसलेला आकडा कागदावर लिहिला आणि ती चिठ्ठी डॅशबोर्डवर ठेवली, घेणाऱ्याला सहज दिसेल अशी. सौदा मोडला. पुढचे चार नाताळ तो भाऊ सणाचे मक्याचे तमाले खायला आला नाही.

चिठ्ठी ठेवायची ही त्याची रीतच होती. आमच्या गल्लीत, त्याच्या अंगणातल्या पत्र्याखाली दुरुस्तीला आलेली कुठलीही गाडी जाताना तीन गोष्टी घेऊन जायची: पुसलेली काच, वायपरच्या बाटलीत पाणी आणि चिठ्ठी. मला धड वाचता येत नसे. चर्चच्या हॉलमध्ये म्हातारपणी जे काय शिकले तेवढंच. पण त्याचं अक्षर मला लागायचं. तो आकडे मुलांच्या वहीतल्यासारखे मोठे काढायचा.

ओब्दुलियाच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी होते, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणायचो. त्यामुळे तोही मला कोमाद्रेच म्हणायचा, आणि मी त्याला कोंपाद्रे.

मग तिची मूत्रपिंडं गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार विसालिया शहरातल्या केंद्रात न्यायचं, चार तास यंत्राला जोडून रक्त धुऊन घ्यायचं, आणि परत. रुग्णांना नेणारी सरकारी गाडी होती, पण ती ओब्दुलियाला दोनदा तिथेच विसरून आली. एकदा तर ती बाकावर बसून चपलेने मुंग्या मोजत होती म्हणे. तेव्हापासून एलियोदोरो तिला स्वतःच्या जुन्या व्हॅनमधून न्यायचा. मागे उशी, पुढे घोंगडी.

मग एका वसंतात व्हॅनचा बिघाड सांगणारा पिवळा दिवा लागला, आणि दर दोन वर्षांनी होते ती धुराची तपासणी तोंडावर आली. पास झाल्याशिवाय नंबरपाटीवर नवा कागद चिकटत नाही. जुन्याची मुदत संपली म्हणून पोलिसाने एकदा ताकीद दिली होती. पुन्हा सापडली तर गाडी ओढून नेणार.

त्याने यंत्र लावलं. आकडा आला पी ०४३०.

"सेन्सर बदला की," मी म्हणाले. दुसऱ्यांच्या गाड्यांबद्दल ऐकून ऐकून मला वाटायचं, मला कळतं.

"सगळे तेच करतात, कोमाद्रे. बघा इकडे." त्याने मला यंत्राच्या काचेवरच्या दोन रेघा दाखवल्या. "धूर गाळणारा डबा आहे ना, त्याच्या पुढे एक सेन्सर, मागे एक. पुढच्याने नाचायचं असतं. मागच्याने गप्प बसायचं. हा मागचाही पुढच्याबरोबर नाचतोय."

"म्हणजे तोच बिघडला ना?"

"डबा मेलाय. तो बिचारा फक्त सांगतोय."

तरी त्याने साबणाचं पाणी लावून नळ्या कुठे फुटल्यात का पाहिलं, वायर सोलून पाहिली, दुसऱ्या गाडीतला चांगला सेन्सर काढून लावून पाहिला. आकडा तोच. सरकारी शिक्क्याचा नवा डबा व्हॅनच्या किमतीपेक्षा महाग. सीमेपलीकडून स्वस्त मिळतो, पण त्यावर शिक्का नसतो, आणि तपासणीत तो चालत नाही.

मग त्याने ते केलं जे तो इतरांना करू देत नसे. यंत्राने आकडा पुसला. पुसल्यावर गाडी आपल्या सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घेते, आणि त्याला दोन-चार दिवस लागतात. दर सकाळी इंजिन थंड हवं, मग हळू चालवायचं, थांबायचं, पुन्हा चालवायचं. इतक्या जुन्या गाडीला एक चाचणी अपुरी असली तरी पास करतात. तेव्हा ती डब्याची चाचणी तेवढी होऊ द्यायची नाही. मोठ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने गाडी धावली की ती होते, आणि दिवा पुन्हा लागतो.

विसालियाचा रस्ता मोठाच.

सोमवारी नेलं, दिवा लागला. पुसला. बुधवारी नेलं, पुन्हा लागला. संत्र्याच्या बागांमधल्या आडरस्त्यांनीही नेऊन पाहिलं, तरी परतताना लागलाच. दोन आठवडे असे गेले. तिला जगवायला गाडी हवी, आणि तिला नेलं की गाडी नापास.

त्यानंतरच्या सोमवारी विसालियाहून परतल्यावर ओब्दुलिया त्याला म्हणाली, "या आठवड्यात मला कोमाद्रेची नात नेईल. तू तुझी फेरी पुरी कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, नेईल की."

माझी नात पॅकिंगच्या शेडवर सकाळच्या पाळीला असते. हे ओब्दुलियाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

बुधवारी आणि शुक्रवारी ती माझ्या स्वयंपाकघरात बसली. केंद्राला फोन करून ताप आलाय म्हणाली. मी म्हटलं, "कोमाद्रे, हे बरं नव्हे." ती म्हणाली, "बाई, एका आठवड्याने काय होतंय? त्याला बघितलंत ना, रात्री झोपेतही क्लच दाबतो." आम्ही हसलो. खिडकीतून व्हॅन जाताना दिसायची, बागेच्या कडेने, बैलगाडीच्या चालीने. शुक्रवारी तिने टोपलीतलं संत्रं उचललं. तिला ते वर्ज्य होतं, हृदयाला घातक म्हणून. "अर्धंच," म्हणाली. मी सोलून दिलं.

शुक्रवारी दुपारी व्हॅन पास झाली. त्याने कागद फडकवत फाटक उघडलं. त्या कागदाबरोबर चिठ्ठी नव्हती.

रविवारी सकाळी, प्रार्थनेला जायचे कपडे घालून ओब्दुलिया खाटेवर बसली ती उठली नाही.

सोमवारी केंद्राचा फोन आला, दोनदा चुकलं, आज तरी येणार का. तो कुंपणापाशी आला.

"ती कुठे होती?"

"माझ्याकडे."

भांडला असता तर बरं झालं असतं. मी वाट पाहत उभी राहिले. तो म्हणाला, "बरं, दोन्या एर्मिला," परक्या बाईला मानाने म्हणतात तसं, आणि आत गेला. त्यानंतर त्याने मला कोमाद्रे म्हटलं नाही. संत्र्याचं मी त्याला सांगितलं नाही. आज इथे लिहिते आहे, ते तो वाचायला नाही म्हणून.

व्हॅन उन्हाळाभर पत्र्याखाली उभी होती. एक जण विकत मागायला आला: पास झालेली आहे, दोन वर्षांची चिंता नाही. एलियोदोरो म्हणाला, "ती पास नाही." माणूस कागदाकडे बघत राहिला.

थंडीत एलियोदोरो गेला. त्याआधी घराबाहेरचं एकच काम त्याने केलं, ऑक्टोबरात, व्हॅन भंगारात द्यायचं.

मी चादरी वाळत घालत होते. त्याने टायरची हवा पाहिली. काच आतून-बाहेरून पुसली. वायपरच्या बाटलीत पाणी भरलं. शेजारच्या सीटवरची घोंगडी घडी करून घरात नेऊन ठेवली. मग इंजिन चालू करून यंत्र लावलं, मागचा सेन्सर अजून नाचतोय ते बघितलं, आणि बॉनेटवर कागद ठेवून सावकाश लिहिलं. मला कुंपणावरून वाचता आलं: पी ०४३०. खाली, मागचा सेन्सर खरा आहे.

तो कागद त्याने डॅशबोर्डवर ठेवला, घेणाऱ्याला सहज दिसेल असा.

"दोन्या एर्मिला, मागून फाटक तेवढं ओढून घ्या."

"घेते," मी म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी मागेपुढे कोणीही नव्हतं. त्याने वळणाचा दिवा लावला, थांबला, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि वळला.