बेलभंडाऱ्याचा तिसरा दिवस

माझं तोंड लय फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. गावात मी आशाताई. गरोदर बायांच्या तपासण्या, लेकरांच्या लसी, तापाच्या गोळ्या, घरोघरी हिंडणं आणि न ऐकणाऱ्याला चार शब्द सुनावणं, ही माझी कामं. शेवटचं काम सरकारनं दिलेलं नाही, ते मी माझ्या हौसेनं करते.

मागं गंगाखेडला आमचं व्यसनमुक्तीचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. सकाळी साहेबांनी सांगितलं, गावात बैठका घ्या, पिणाऱ्यांशी गोडीनं बोला, चिडू नका. चिडू नका म्हणताना ते माझ्याचकडं का बघत होते, कोण जाणे. दुपारी जेवायला पुरी-भाजी आणि शिरा होता. शिरा असा झाला होता की मी दोनदा घेतला, आणि जेवणानंतरच्या तासाला भिंतीला टेकून मस्त डुलक्या काढल्या. डोळे उघडले तेव्हा चहा आला होता.

आता आमच्याकडं बैठका घेऊन कोण दारू सोडतंय? आमच्याकडं शब्द चालतो तो खंडोबापुढचा. हळदीचा भंडारा आणि बेलाचं पान हातात घेऊन बोललं की त्याला बेलभंडारा उचलणं म्हणतात. बांधाच्या भांडणात मोजणीचे कागद बाजूला राहतात आणि माणसं म्हणतात, खरा असशील तर उचल बेलभंडारा. म्हणून मी बायका गोळा केल्या, सरपंचाला तयार केलं आणि एका रविवारी गावातल्या रोज पिणाऱ्या नऊ जणांना देवळात उभं केलं. ताट मीच धरलं होतं. नववा होता माझा थोरला भाऊ.

दादा स्वभावानं अगदी गाय. पण सकाळी चूळ भरायच्या आधी त्याला दारू लागायची. त्यानं भंडारा उचलला, कपाळाला लावला आणि म्हणाला, "आजपासून बंद." वहिनी रडली, मी पण रडले. घरी येताना मला वाटत होतं, साहेबांनी आता मलाच ट्रेनिंग द्यायला बोलवावं.

मंगळवारी दुपारी वहिनी धावत आली. दादा ओसरीवर बसून भिंतीवरच्या मुंग्या झाडत होता. भिंतीवर एक मुंगी नव्हती. अंगातून घाम निथळत होता, हात असे थरथरत होते की पाण्याचा तांब्या धरवत नव्हता. चार वर्षांमागं विकलेल्या बैलाला तो रागं भरत होता, "सरक की मागं, पाहुणे यायलेत!" मला तर आधी हसूच फुटलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

अंगणात निम्मं गाव जमलं होतं. एक आजी म्हणाली, "चोरून पिला आसल. देवानं धरलं बघा." वहिनीचा धीर सुटला. ती सगळ्यांसमोर ओरडली, "खोटारडं माणूस! देवाला बी फसवलं ह्यांनी!" आणि मी? मी दादाचा दंड धरून गदागदा हलवला. "कुठं पिलास? बोल! माझी इज्जत घालवलीस गावात!" तो नुसता मान हलवत राहिला. आणि तेवढ्यात त्याचे डोळे फिरले, दातखीळ बसली, सगळं अंग झटके द्यायला लागलं.

कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी कांदा फोडला. एवढं मात्र मला कळत होतं की झटका आला म्हणजे दवाखाना. मी चप्पल फेकून दिली, दादाला कुशीवर वळवला आणि सरकारी गाडीला फोन लावला. परभणीपर्यंत मी त्याचं डोकं धरून बसले होते. मनात राग होता आणि भीती त्याच्या दसपट होती. हा जगू दे, मग ह्याला चांगला झाडते, असं मी खंडोबाला सांगत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनं विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?"

दादा जरा भानावर आला होता. पुटपुटला, "भंडारा उचलल्यापासून न्हाई."

"खोटं बोलू नको!" मी तिथंही ओरडले.

मॅडम म्हणाल्या, "ताई, ते खरं बोलतायत. घेतली असती तर थरथरले नसते. रोज इतकी पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होतं. जीवसुद्धा जातो. म्हणून दवाखान्यात ठेवून, औषधं देऊन सोडवायची असते. तुम्ही आशाताई ना? ट्रेनिंगमध्ये सांगितलं असेल की."

सांगितलं असेलच हो. दुपारच्या तासाला.

दोन दिवसांनी दादा उठून बसला, डाळभात खाल्ला आणि म्हणाला, "कडब्याच्या गंजीत एक बाटली हाय, ती फेकून दे. थरथर सुटली की सकाळी एक घोट घेतला की थांबती, मला ठाव होतं. पण तू ताट धरून उभी होतीस ना गं." मी व्हरांड्यात जाऊन पदर तोंडात कोंबून रडले. गावी येऊन गंजीत हात घातला, तर बाटलीचं सीलसुद्धा तसंच होतं.

दहा-बारा दिवसांनी दादा घरी आला, गोळ्यांची पिशवी घेऊन. चेहऱ्यावर तेज होतं, पण गावात तोंड वर करून चालेना. पारावर बसलेले लोक त्याला बघून कुजबुजायचे, बेलभंडारा मोडलेला माणूस आला म्हणून. मला ते सहन होईना. मी पुन्हा सगळ्यांना देवळापुढं बोलावलं.

"चूक माझी हाय," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे शब्द गावानं पहिल्यांदाच ऐकले असतील, कारण दोन-तीन बाया चपापून एकमेकींकडं बघायला लागल्या. मी शिऱ्याचं सांगितलं, डुलक्यांचं सांगितलं. लोक पोट धरून हसले. मग मी मॅडमचं सगळं बोलणं सांगितलं आणि विचारलं, "दादानं पाळला म्हणून दादा थरथरला. मग तुमी बाकीचे आठ जण दादाएवढीच पीत होता, तुमी कामून ठणठणीत राहिलात?"

हसू जागच्या जागी थांबलं. आठ जणांच्या आठ बायकांनी आपापल्या नवऱ्याकडं माना वळवल्या. एकानं उगाच चपलेचा अंगठा तपासायला घेतला. सरपंचाला एकाएकी खोकला आला.

तेव्हा वहिनी उठली. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "मी ह्यांना समद्यांसमोर खोटारडं म्हणले होते. समद्यांसमोरच माघारी घेते. माझ्या मालकानं शब्द पाळला." दादानं खांद्यावरचा रुमाल तोंडावर ओढला आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी सुद्धा हुंदके द्यायला लागले, माझं भाषण तिथंच संपलं.

मग मागून तो चपलेचा अंगठा तपासणारा उठला. "आशाताई, मी भंडारा उचलला त्याच दिवशी पिलो. हात कापायला लागले, लय भ्यालो मी. मला बी न्या परभणीला."

मी काही बोलायच्या आधीच दादानं तोंडावरचा रुमाल काढला.

"मी येतो तुझ्यासोबत," तो म्हणाला. "पहिले तीन दिवस लय वंगाळ असतेत. एकट्यानं काढू नको."