सेमिस्टर जर्मनीत, सही सांगलीत

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर आपण पिशवीत पिशवी कोंबत जातो ना, तसे ते साठतात आणि एक ओढायला गेलं की सगळे अंगावर येतात! आम्ही तिघं इस्लामपूरच्या स्टँडसमोर चहाला भेटलो की दर वेळी हेच होतं. एकानं नुसतं "ए, जर्मनीत असताना..." म्हटलं की पुढचा दीड तास गेला. शेजारच्या टेबलावरची माणसं चहा संपला तरी उठत नाहीत. तेव्हा तुम्हीही बसा.

आधी ओळख करून देते. मी सुजाता, सातारा जिल्ह्यातल्या औंधाजवळच्या एका खेड्यातली. आमच्याकडं पाऊस आलाच तर पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. वडील, म्हणजे आप्पा, फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. तरन्नुम आष्ट्याची, तिच्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. संग्राम वाळवा तालुक्यातला, घरचा ऊस, पाणी बारमाही, आणि आवाज असा की त्याला मोबाईलची गरज नाही. तिघंही सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात, कृषी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला.

कॉलेजचा जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीशी एक्स्चेंजचा करार होता. त्यांची पोरं इकडं, आमची तिकडं, एक सेमिस्टर. करार नुसता फाईलीत पडून होता. आम्ही तिघांनी अर्ज केला आणि तिकडून तिघांनाही हो आलं.

एचओडी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "ही संधी शहरातल्या मुलांसाठी असते. तुम्हाला झेपणार नाही."

मी म्हटलं, "सर, नोटिशीवर तसं लिहिलं नव्हतं!"

सर हसले. मला ते हसणं अजून आठवतं. म्हणाले, "जा की. पण तिकडच्या मार्कांचे इथं क्रेडिट द्यायचे की नाही, ते माझ्या सहीवर आहे. सही नाही झाली तर वर्ष गेलं, एवढं लक्षात ठेवा."

आणि घरी? घरी सगळी भावकी गोळा झालेली. आमचे चुलते, तात्या, म्हणाले, "आपल्या घरातली पोरं फौजेत जात्यात. पोरगी परदेशात जाऊन काय करणार? वर्ष बुडालं मंजी?" आप्पा सगळ्यांसमोर बोलून बसले, "बुडालं तर शिक्षान बंद. तुमी म्हणाल तसं." दिलेला शब्द फिरवायचा नाही, ही आप्पांची खोड. म्हणजे माझं पुढचं सगळं शिक्षण त्या एका सहीला टांगलेलं. मला लय राग आला. भीतीही वाटली, खोटं कशाला सांगू? पण बॅग भरली.

*

बॅगेवरून आठवलं. तरन्नुमच्या अब्बांनी तिच्या बॅगेत कपडे कमी आणि बांगड्या जास्त भरल्या होत्या. "मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जाऊ नये बेटा." काचेच्या बांगड्या, डझनावारी, प्रत्येक डझन वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

तिकडच्या विमानतळावर कस्टमच्या बाईनं बॅग उघडायला लावली. एकेक पुडकं सोडत विचारते, हे काय? कशासाठी? विकायला आणलंय का?

तरन्नुमला इंग्रजी येत होतं, पण सहनशक्ती संपली होती. तिनं सरळ त्या बाईचा हात धरला. अंगठ्याखालचं हाड दाबलं, पंजा मिटवला, एका नजरेत माप घेतलं, "दोन-सहा!" म्हणाली आणि आम्ही काही बोलायच्या आत चार बांगड्या मनगटात सरकवल्यासुद्धा!

बाई हादरली. मग हात वर करून बघितला. मग जरा हलवून बघितला. मग एकदम भानावर आली आणि काढायला लागली, तर निघेनात!

तरन्नुम शांतपणे म्हणाली, "साबण लागेल. आणि घाई केली तर फुटतील. आमच्यात ते चांगलं मानत नाहीत."

आम्हाला त्यांनी पाच मिनिटांत सोडलं. मागं वळून बघितलं तर बाई साबण शोधायला गेली नव्हती. तिच्या शेजारचीनं आपला हात पुढं केला होता.

*

पहिल्याच आठवड्यात आमच्या प्रोफेसरांनी जेवायला बोलावलं. उंच, पांढऱ्या दाढीचे, मोजून बोलणारे. त्यांनी संग्रामला विचारलं, आणखी वाढू? संग्राम रीतीप्रमाणे म्हणाला, "नको नको." आमच्याकडं पहिलं नको म्हणजे सुरुवात असते. दुसऱ्या नकोला ताट थोडं मागं ओढायचं, तिसऱ्याला वाढणाऱ्यानं हात बाजूला सारून वाढायचं.

प्रोफेसर "बरं" म्हणाले आणि भांडं उचलून आत घेऊन गेले!

सहा फुटी गडी, अर्ध्या पोटानं परत आला. हॉस्टेलवर आल्यावर म्हणाला, "सुजे, ह्यांना पुढच्या रविवारी आपल्याकडं बोलाव."

रविवारी प्रोफेसर आले. पिठलं, भाकरी, खर्डा. तिखट जरा बेतानंच ठेवलं होतं. दुसऱ्या भाकरीला त्यांनी हात आडवा केला, "नो, थँक यू."

संग्रामनं तो हात अलगद बाजूला केला आणि भाकरी वाढली. "सर, तुमच्या नकोला तुमच्या घरात मान हाय. ही आमची खोली हाय!"

हे त्यानं मराठीतच सांगितलं. मी इंग्रजी करून देणार होते, पण गरज पडली नाही. प्रोफेसर चार भाकरी खाऊन गेले.

*

तरन्नुम डोक्याला स्कार्फ बांधते. त्यामुळं तिकडं सगळ्यांना तिची फार काळजी! वर्गातली एक मुलगी, स्वभावानं खरंच चांगली, एकदा कँटीनमध्ये तिच्याजवळ येऊन बसली आणि आवाज बारीक करून म्हणाली, "एक विचारू? इथं यायला तुला परवानगी कुणी दिली?"

"अब्बांनी. आणि अब्बांना अम्मीनं सांगितलं. का गं?"

"म्हणजे तुला घरी विचारावं लागलं?"

"हो. तू घर सोडून इथं शिकायला आलीस तेव्हा कुणाला विचारलंस?"

मुलगी अभिमानानं म्हणाली, "कुणालाच नाही!"

तरन्नुमनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अरेरे. घरी कुणीच नाही का गं तुझी चौकशी करणारं?"

त्यानंतर ती मुलगी दर रविवारी आईला फोन करायला लागली. हे तिनंच आम्हाला सांगितलं.

*

आता मोठं लफडं. आमचं अख्खं सेमिस्टर एका प्रयोगावर होतं. काचेच्या शेडमध्ये मक्याचे दोन वाफे. एकाला वेळेवर पाणी, दुसऱ्याला एकवीस दिवस थेंबही नाही. तहानलेलं पीक कसं वागतं, ते मोजायचं. रोज पानं मोजा, उंची मोजा, लिहा. ह्यावर मार्क, मार्कांवर क्रेडिट, आणि क्रेडिटवर माझं काय अडलं होतं ते सांगितलंच आहे.

पहिला आठवडा बरा गेला. मग कोरड्या वाफ्यातला मका दुपारी पानं मिटायला लागला. आम्ही तिघं वह्या घेऊन उभे. संग्राम म्हणायचा, "मला बघवत न्हाई रं. आमच्या घरात असं पीक बघून माणूस जेवत न्हाई." मी त्याला दटावायची. तरन्नुम म्हणायची, सायन्स आहे, मन घट्ट कर.

सोळाव्या दिवशी प्रोफेसरांनी बोलावलं. कॉम्प्युटरवर आलेख होता. कोरड्या वाफ्याच्या मातीत सेन्सर पुरलेले, हे आम्हाला माहीतच होतं, पण ते रात्रंदिवस लिहून घेतात हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. आलेखाची रेघ खाली खाली येत होती आणि मध्येच तीन उंचवटे. तीन वेगवेगळ्या दिवशी.

प्रोफेसर शांतपणे म्हणाले, "शेडला छप्पर आहे. तरीही तीनदा पाऊस पडलेला दिसतो."

मी रागानं संग्रामकडं बघितलं. माझं वर्ष ह्या माणसानं पाण्यात घातलं! संग्राम लालेलाल झाला, उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, "सर, एक मी. फक्त एक! मंगळवारी. आईची शपथ!"



तरन्नुम खाली बघत म्हणाली, "गुरुवारचा माझा."

आता दोघंही माझ्याकडं बघायला लागले. काय सांगू तुम्हाला! संग्रामवर डोळे काढले खरे, पण सगळ्यात मोठा उंचवटा माझाच होता. शनिवारी सकाळी, पूर्ण एक बादली. आमच्या गावात टँकरच्या पाण्यातलं अर्धं पाणी दारातल्या झाडाला घालणारी माणसं आहेत, माझ्याच्यानं ती पानं बघवली नाहीत.

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हा प्रयोग मी बरीच वर्षं घेतोय. पोरं आळस करतात, खोटे आकडे लिहितात. पाणी घालणारी आजपर्यंत मिळाली नव्हती."

"सर, नापास करा," मी म्हटलं, "पण आकडे आम्ही खरेच लिहिलेत. आणि माफी मी प्रयोगाची मागीन, मक्याची नाही!"

त्यांनी नापास केलं नाही. पहिल्यापासून परत करायला लावलं. हातात मोजके आठवडे. सुट्टीचा एक दिवस घेतला नाही. दुसऱ्या खेपेला तरन्नुमनं शेडमधल्या दोन्ही बादल्या उचलून प्रोफेसरांच्या केबिनमध्येच नेऊन ठेवल्या. संग्राम कोरड्या वाफ्याची मापं घ्यायला जायचा तेव्हा मक्याला "सॉरी गड्या" म्हणून यायचा. प्रयोग पुरा झाला आणि तिघांनाही चांगले मार्क पडले.

*

ह्या सगळ्यात गावाकडं बातमी काय? तर सुजी नापास झाली, आता तिकडं हॉटेलात भांडी घासती. तात्यांनी स्वतः व्हिडिओ कॉल केला. मागं अर्धी भावकी उभी.

"काय गं, भांडी घासतीस म्हणं?"

"व्हय तात्या. हितं सगळी आपापली घासत्यात. प्रोफेसरसुद्धा. तुमी कवापासनं सुरू करताय?"

तात्यांच्या मागून काकूंचा हसायचा आवाज आला आणि फोन कट झाला.

*

आणि आता शेवटचा. आम्ही परत आलो. जर्मनीचा मार्कांचा कागद, शिक्का, सगळं बरोबर. एचओडी सर म्हणाले, "कमिटी बसली पाहिजे." कमिटी कधी बसणार? "बघू." फॉर्म विद्यापीठात द्यायची शेवटची तारीख शनिवार. तिघांचे फॉर्म सरांच्या कपाटात, सही बाकी.

मंगळवारी मी घरी जाऊन रडले. आप्पांनी एकच विचारलं, "तुझ्याकडनं काय राहिलंय का?" मी म्हटलं, काही नाही. "मग रडायचं काम न्हाई."

बुधवारी सकाळी दहाला आप्पा कॉलेजात हजर. इस्त्रीचे कपडे, पॉलिश केलेले बूट. शिपायाकडून स्टूल मागून घेतलं आणि एचओडी सरांच्या दाराशेजारी ताठ बसले. सर बाहेर आले. आप्पा खाडकन उठले, टाच आपटली आणि कडक सलाम. "जय हिंद, सायेब!"

सर दचकले. "काय काम आहे?"

"काम तुमच्याकडं हाय सायेब. मी नुसता हजर हाय."

सर चहाला निघाले, सलाम. परत आले, सलाम. बाथरूमला गेले, सलाम. आले, सलाम! गुरुवारी तेच. पोरं लेक्चर बुडवून जिन्यात बसायला लागली. संग्राम आणि तरन्नुम पुढच्या रांगेत. सरांनी दुपारनंतर बाहेर यायचंच बंद केलं. त्या केबिनला दुसरं दार नाही.

शुक्रवारी दुपारी आप्पांचा फोन वाजला. गोळीबाराच्या सरावानं त्यांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. आईचा आवाज सगळ्या व्हरांड्याला आणि दारामागं सरांनाही ऐकू गेला. "आवं, तीन दिस झालं, नुसता सलाम काय ठोकताय? तुमच्यानं हुणार न्हाई!" आप्पा "बरं" एवढंच म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

जरा वेळानं दार किलकिलं झालं. सरांनी डोकं बाहेर काढलं. आप्पा उठले, सलाम.

"अहो, किती दिवस बसणार आहात तुम्ही इथं?"

"आज पाचला माझी ड्युटी संपतीया, सायेब."

सरांचा चेहरा एकदम सैल पडला. "म्हणजे उद्या तुम्ही येणार नाही?"

"न्हाई सायेब. उद्या माझ्या जागी रिलीव्हर येणाराय."

"कोण?"

"हिची आई."

सर शिपायाला म्हणाले, "कपाटाची किल्ली आण," आणि तो वळायच्या आत खिशातलं पेन काढून उभे राहिले.