कमी पडणारा एक हात

सायली, रोहन,

तुमची आई तुम्हा दोघांना घेऊन चंदगडच्या स्टँडवर एसटीत बसली, तेव्हा मी खिडकीतून काजूचा डबा आत दिला. घरच्या झाडाचे काजू. तिने झाकण घट्ट आहे का पाहिलं, खाली उतरली, डबा माझ्या शेजारी बाकावर ठेवला आणि परत चढली. पाया पडली नाही. रोहन, तू डब्यासाठी रडत होतास.

सायली, कॉलेजच्या फॉर्मवर 'मूळ गाव' या रकान्यात काय लिहू, असं तू विचारलंस. आई म्हणाली, 'आजीलाच विचार.' दहा वर्षांत तिने मला धाडलेला हा पहिला निरोप. म्हणून क्रमाने लिहिते.

गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा तुमच्या आजोबांनी तुमच्या आईला, आमच्या सुनेला, उभं केलं. सही तिची, कारभार त्यांचा, हे घरात सर्वांना मान्य होतं. दुसऱ्या वॉर्डातून मी सदस्य झाले. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवत असे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढायला गेले, बायकांनी कारखाने चालवले आणि मग इंग्लंडात त्यांना मताचा हक्क मिळाला, हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला. उत्तरं तांबड्या शाईने तपासली.

कारगिलचं युद्ध लागलं आणि रजेवर आलेल्या जवानांना परत बोलावणं आलं. तुमचे बाबाही गेले. फोन पंचायतीत होता, म्हणून बायका बातमीसाठी तिथे येऊन बसू लागल्या आणि तुमची आई दिवसभर खुर्चीत. तिने त्या बायकांना ग्रामसभेत आणलं, पाण्याच्या टाकीसाठी हात वर करायला लावले. आजोबांना विचारायचं तिने केव्हा बंद केलं, ते त्यांनाही कळलं नाही.

जुलैत तुमचे बाबा, माझा संजय, तिरंग्यात गुंडाळून घरी आला. तुमच्या आईच्या बांगड्या फोडायला शेजारणी कचरत होत्या. मी फोडल्या.

चौदा ऑगस्टला उपसरपंच घरी आले. "वहिनी, म्हयना बी झाला न्हाय. उद्या पांढऱ्या कपाळानं झेंडा चढवायचा व्हय? गावची पोरं अजून बॉर्डरवर हायती."

"माझा नवरा त्याच झेंड्यात आलाय की," ती म्हणाली. "मग मला शिवायला बंदी कशाची?"

सकाळी तिने झेंडा चढवला. टाळ्या फक्त शाळेच्या पोरांनी वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात अविश्वास ठराव आला. जिथे तिने बायकांना हात वर करायला शिकवलं, त्याच खोलीत तिच्याविरुद्ध हात वर झाले. सदस्य बायकांना नवऱ्यांनी घरून सांगून पाठवलं होतं. तरी एक हात कमी पडत होता. मला कोणी सांगितलं नव्हतं. खुर्ची गेली की ही घरात बसेल, नातवंडं माझ्याजवळ राहतील, असा मी हिशेब केला. आणि हात वर केला, खांद्याएवढाच.

तुमची आई मला आत्या म्हणे, आपल्याकडे सासूला म्हणतात तसं. ती समोरून म्हणाली, "आत्या, हात जरा उंच करा. तहसीलदार सायबांना दिसंना."

मी उंच केला.

देहरादूनच्या वसतिगृहातल्या नोकरीचं पत्र तिच्या ट्रंकेत आधीच पडून होतं. सरपंचपदाची मुदत संपेपर्यंत ती गाव सोडणार नव्हती. हे मला स्टँडवर कळलं.

आजोबा गेल्यावर मी गावचं घर बंद करून कळंब्याला फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास. संक्रांतीला वरच्या मजल्यावर हळदीकुंकू असतं, बायकांचं हसणं खाली ऐकू येतं. मला बोलावत नाहीत. शेजारीण जिन्यात भेटली तर म्हणते, "मॅडम, तुम्हाला ठाऊकच हाय की." ठाऊक आहे. हाच नियम मी स्वतःच्या सुनेला लावला होता.

सायली, मम्मी दरवर्षी हॉस्टेलच्या ग्राउंडवर झेंडा चढवते आणि सगळे उभे राहतात, असं तू मागे लिहिलं होतंस. त्या रकान्यात देहरादून लिही. चंदगडकडच्या घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडे आहे, पण ते तुमचं घर नव्हे. ते त्या दुपारी माझ्या हाताने गेलं.

हे पत्र आईला वाचून दाखव. तिला सगळं माहीत आहे. मी ते लिहिलं, एवढंच तिला नवीन.