उतरू नगं

दादा अंथरुणात गेला, यावर लोहाऱ्यात अजून कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता. सकाळी त्याच्या मुलाचा, संतोषचा फोन आला, "आत्या, बाबा गेले," आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कुणी मारलं?" संतोष म्हणाला, कुणी नाही, झोपेतच गेले. तुळजापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी फरशीवर बसले आणि खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. रडू नंतर आलं. भावाच्या मरणाची बातमी कुऱ्हाडीशिवाय येईल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

गेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. तसं ठरवलं तर दादाबद्दल काही बोलताच येणार नाही. त्याचा हात आधी चालायचा, तोंड मागून. एका लग्नात वाढप्यानं आईला थांबवून पुढाऱ्याच्या बायकोला आधी वाढलं, तर दादानं त्याला आमटीच्या पातेल्यासकट आडवा केला. माझ्या लग्नात बोहल्यावरच नवरदेवाच्या कानाशी लागून त्यानं सांगितलं होतं, हिच्यावर हात उगारलास तर तो हात तुझ्याकडं राहणार नाही. आमच्या ह्यांनी पुढं वर्षभर मला हाकही भीत भीतच मारली. चिडायला माणूस सापडला नाही तर दादा दारावर, भिंतीवर, स्वतःच्या मांडीवर मारून घ्यायचा. मीही त्याचीच बहीण, माझी जीभ काही मऊ नाही. पण त्याच्यापुढं मी गोगलगाय. आणि एवढ्या धटिंगण माणसाची एक खोड होती. तो कधी गाडीची किल्ली फिरवायचा नाही. बुलेट असेल तर किक मारायची. जीप असेल तर दुसऱ्या कुणीतरी चालू करून द्यायची, मग हा बसणार. लोक हसायचे, अर्थात पाठीमागं.

ते का, हे सांगायचं तर आप्पांच्या मरणापर्यंत मागं जावं लागेल. आप्पा म्हणजे आमचे वडील. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या बऱ्याच वर्षं आधीची गोष्ट, मी तेव्हा नुकती शाळेत जाऊ लागले होते आणि दादा मिसरूड फुटायच्या वयाचा. आप्पांकडं काळी अँबॅसिडर होती. सास्तूरला, जुन्या गावात, आमच्या आत्याकडं जावळाचं जेवण होतं. आप्पांचे चुलतभाऊ काशीनाथतात्या आणि त्यांची दोन माणसं त्याच गावात राहायची. त्यांचं आणि आमचं विहिरीवरून कोर्टात चाललेलं होतं, बोलणं बंद होतं. पुरुषांची पहिली पंगत बसली तेव्हा मी आणि दादा गाडीत खेळत होतो. दादा हॉर्न वाजवायचा, भर उन्हात दिवे लावायचा. आप्पा हात धुता धुता ओरडले, "बाळू, बॅटरी उतरंल की रं." मग आम्हाला दुसऱ्या पंगतीला बोलावलं, आणि आम्ही भात-वरण खाऊन परत गाडीत बसलो. मी मागं, दादा पुढं चालकाच्या जागेवर, कारण गाडी चालू करायचा मान त्याचा असायचा.

दादानं किल्ली फिरवली. काही नाही, आवाजसुद्धा नाही. आप्पा पुढं गेले, त्यांनी बॉनेट उघडून दांडी लावली. आम्हाला समोर फक्त ते काळं बॉनेट दिसत होतं. आप्पा क्षणभर गप्प होते. मग मोठ्यानं म्हणाले, "बाळू, किल्ली फिरव. फिरवत ऱ्हा." दादा फिरवत राहिला. पुढं आप्पा म्हणाले, "उतर..." आणि तो शब्द तिथंच तुटला. लाकूड फोडताना ओल्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतते, तसा आवाज आला. एकदा, परत एकदा, मग मोजता येईना. गाडी हलली. बॉनेटची दांडी निसटून ते धाडकन खाली बसलं, आणि काचेवर लाल शिंतोडे उडाले. माणसं ओरडत धावली, ते तिघं पळाले. दादा तरीही किल्ली फिरवतच होता. आत्याच्या नवऱ्यानं त्याची बोटं एकेक करून सोडवली.

तिघांनाही जन्मठेप झाली. एक तुरुंगात मेला, एक सुटून आला आणि भूकंपात गाडला गेला. काशीनाथतात्या तेवढे उरले. गाडी बरीच वर्षं ठाण्याच्या आवारात उभी होती. ती परत मिळाली तेव्हा तिला टायर नव्हते, हॉर्न नव्हता, बॅटरी नव्हती. उघड्यावर पडलेल्या गाडीचं दुसरं काय होणार, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. दादानं ती ताडपत्रीखाली झाकून ठेवली आणि तिच्याबद्दल कुणी विचारलं की त्याच्या अंगावर धावून जायचा.

साठी जवळ आल्यावर काय डोक्यात आलं कोण जाणे, त्यानं ताडपत्री काढली. गाडी त्या दुपारी होती अगदी तशी करायची. सीटचं कापड तसंच, आरसा तसाच, स्टिअरिंगवरचा चराही तसाच. सगळं जमत गेलं आणि घोडं अडलं ते बॅटरीवर. आताच्या बॅटऱ्या म्हणजे पांढऱ्या प्लॅस्टिकचा डबा, वर रंगीत कागद चिकटवलेला. पूर्वीची बॅटरी काळ्याकुट्ट टणक रबराची असायची, वर डांबर ओतलेलं, खान्याखान्याला बूच आणि खाने जोडणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या उघड्यावर. दुकानदारानं नवी बसवून दिली आणि वर म्हणाला, बॉनेट लावल्यावर कोण बघतंय काका. दादानं ती उचलून त्याच्याच उंबऱ्यावर आपटली. ॲसिडनं फरशीला फेस आला, दादाच्या पायाचं कातडं सोललं. लंगडत घरी आला, पण माघार नाही.

मग कुणीतरी युक्ती सांगितली. जुन्या बॅटरीचा रिकामा रबरी डबा मिळवायचा, आतले पडदे फोडायचे, त्यात छोटी नवी बॅटरी बसवायची, वरून फळी, डांबर, शिशाच्या पट्ट्या. बघणाऱ्याला जुनी, चालवणाऱ्याला नवी. डबा शोधायला दादा मला बरोबर घेऊन फिरला. तुळजापूरच्या भंगारवाल्यानं सांगितलं, असले डबे आता भंगारात नाहीत, बायकांच्या अंगणात आहेत, तुळस लावलेले. तिथून परतताना दादा पहिल्यांदा बोलला. रस्त्याकडं बघतच म्हणाला, "शाले, आप्पा 'उतरली' म्हनत व्हते. बॅटरी उतरली. दिवे म्या लावले व्हते." आख्खा जन्म त्यानं तो तुटका शब्द असा पुरा करून छातीशी धरला होता. गाडी चालू झाली असती तर आप्पा वाचले असते, आणि ती चालू झाली नाही ती आपल्या खेळापायी... मी म्हटलं, अरे वेड्या, तेवढ्यानं बॅटरी इतकी ठार उतरत नाही. तर म्हणाला, एका मिस्त्रीनंही हेच सांगितलं होतं, त्याच्या कानाखाली काढली. समजूत घालणाऱ्याचा त्याला जास्त राग यायचा.

त्यानंतर आम्ही गावोगाव अंगणं धुंडाळली. बायका आम्हाला पाणी द्यायच्या, डबा मागितला की तोंडाकडं बघत राहायच्या. तुळस कुणी विकतं का? अशा फिरण्यात एकदा सास्तूरला पोचलो. आप्पा गेल्यापासून दादानं त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. जुनं गाव त्याला डोळे मिटून पाठ होतं, कुठल्या गल्लीत जायचं नाही तेही पाठ होतं. पण ते गाव भूकंपात गेलं. नव्या गावात सरळ रांगा, एकासारखं एक घर. तो एका अंगणात शिरला, कोपऱ्यात तुळशीचा, गेरू फासलेला डबा दिसला, आणि वाकून त्यानं अंगठ्यानं तो घासला. गेरूखाली पांढऱ्या ऑइलपेंटची अक्षरं निघाली. 'अप्पा'.

ती अक्षरं दादाचीच होती. चार्जिंगच्या दुकानात बॅटऱ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून लोक वर नाव घालायचे. दादानं लहानपणी मोठ्या ऐटीत घातलं आणि एक काना खाल्ला. आप्पा त्यावरून त्याला चिडवायचे, मला अर्धाच केलास म्हणून... मी मान वर केली. समोर बाजेवर काशीनाथतात्या बसले होते. म्हातारे, वाळलेले, पण डोळे तेच.

दादा आमच्या जीपकडं गेला आणि टॉमी घेऊन आला, जॅकची ती लोखंडी कांब. मी आडवी गेले, त्यानं मला बाजूला लोटलं, मी भिंतीवर आपटले. पहिला घाव त्यानं बाजेवर घातला. पाया मोडला, तात्या जमिनीवर आले. दुसरा त्यांच्या डोक्याशेजारी बसला, फरशीचा टवका उडाला. गोदाकाकू, म्हणजे तात्यांची बायको, धावत बाहेर आल्या आणि नवऱ्याकडं न बघता तुळशीला मिठी मारून बसल्या. म्हणाल्या, "त्यांचं काय करायचं ते कर बाबा. हिला हात लावू नगंस." इतक्या वर्षांच्या संसाराचा तो हिशोब ऐकून मला त्याही वेळी हसू फुटलं असतं, पण दादाचा हात वर होता.

दादा म्हणाला, "बॅटरी कवा काढली तुमी?" हातात टॉमी, समोर बापाचा खुनी, तरी 'तुमी'. आमच्यात वाळीत टाकलं तरी नातं सुटत नाही.

तात्यांनी गयावया केली नाही. तेही त्याच रक्ताचे. जमिनीवर पडल्या पडल्या म्हणाले, "तुमी दुसऱ्या पंगतीला बसलता तवा. कडब्यात लपवली. गाडी हलू नये म्हनून."

दादाचा हात तसाच वर राहिला.

"तुज्या बापानं बॉनेट उघडलं, तवा तितं मोकळी जागा व्हती," तात्या म्हणाले. "दोन वायरी लोंबत व्हत्या. त्यानं ती बघितली, मग आमाला बघितलं. पळाला न्हाय. तुला म्हनला, किल्ली फिरवत ऱ्हा. शेवटी म्हनला, उतरू नगं. म्या समोरच व्हतो की." मग जरा दम घेऊन म्हणाले, "उतरला असतास तर तुला बी ठेवला नसता."

अंगणात बरीच माणसं जमली होती, कुणी पुढं आलं नाही. दादानं टॉमी फिरवली ती भिंतीवर. सरकारी घराची ती भिंत त्यानं विटा दिसेपर्यंत फोडली, तळहातांतून रक्त आलं तरी थांबला नाही. ओरडत होता, पण शब्द नव्हते. मग खाली बसला आणि माझा तो आडदांड भाऊ लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. आप्पांना ठाऊक होतं. गाडी चालू होणार नाही हे बघूनही त्यांनी पोराला किल्लीला जुंपून ठेवलं, म्हणजे तो वाकलेला राहील, आत राहील. दोघंही वाचलो ते त्या न वाजणाऱ्या किल्लीमुळं. गोदाकाकूंनी स्वतः मुळांसकट तुळस काढून तेलाच्या डब्यात लावली आणि रिकामा झालेला डबा माझ्या हातात दिला. नजर काही वर केली नाही. माफीबिफी कुणी मागितली नाही, दिलीही नाही. मी आजही देणार नाही.

डब्यातले पडदे दादानं छिन्नीनं स्वतः फोडले. छोटी बॅटरी आत बसवली, डांबर कढवून ओतलं, शिशाच्या पट्ट्या घातल्या, गेरू खरवडून अक्षरं तेवढी मोकळी ठेवली. काना काही जोडला नाही. मग मला शेजारी बसवलं आणि किल्ली स्वतः फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. तो कितीतरी वेळ नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसला. लोक म्हणतात, त्यानंतर दादा निवळला. साफ खोटं. पुढच्याच पोळ्याला त्यानं बैलाच्या मानावरून एकाचे दोन दात पाडले. पण रोज सकाळी चहाच्या आधी तो शेडमध्ये जायचा, बॉनेट उघडून बघायचा, लावायचा आणि किल्ली फिरवायचा. गाडी कुठं न्यायचा नाही. चालू होते एवढंच बघायचं.

तेराव्याला पाहुणे जेवत होते तेव्हा मी शेडमध्ये गेले. बॉनेट उघडलं. काळा डबा, डांबरावर दादाच्या अंगठ्याचा ठसा आणि ते 'अप्पा'. मग चालकाच्या जागेवर जाऊन बसले, जन्मात पहिल्यांदा. समोर तेच काळं बॉनेट उभं, पलीकडचं काही दिसत नाही. किल्ली फिरवली. इतके दिवस कुणी गाडी चालू केली नव्हती. नुसतं टक् झालं. परत फिरवली. आवाज ऐकून संतोष आला, दारात उभा राहिला.

"आत्या, बॅटरी उतरलीय. तुमी बी उतरा आता."

मी उतरले नाही. किल्ली फिरवत राहिले.